पाठ फिरवण्याचा परवाना

आमच्या फुटबॉल क्लबने नवा जनरल मॅनेजर नेमला त्या संध्याकाळी मी माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर, माझ्याच तोंडाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तोंडाने पायावर धोंडा कसा पाडतात, असं कुणी विचारेल. पाडता येतो. मला विचारा, मी शिकवतो.

आधी माझा हुद्दा सांगतो. मी विमा कंपनीत क्लेम विभागात आहे. लोकांचे फुटलेले आरसे आणि चेपलेले दरवाजे खरोखर फुटले-चेपले आहेत का, हे बघायचं माझं काम. पण तो हुद्दा सोडा, त्याला आमचा लिफ्टमनसुद्धा विचारत नाही. माझा खरा हुद्दा स्टेडियममध्ये. पूर्वेकडच्या स्टँडमधल्या समर्थक मंडळाचा मी शिट्टीवाला. पहिल्या रांगेपुढे लोखंडी कठडा आहे, कठड्यापलीकडे एक लाकडी खोकं, आणि त्या खोक्यावर लोकांकडे तोंड करून मी. माझी शिट्टी वाजली की हजारो घसे एका सुरात उघडतात, पुन्हा वाजली की मिटतात. घरी माझ्या सांगण्यावरून पंखासुद्धा बंद होत नाही, हेही लगेच सांगून टाकतो, म्हणजे मी फुशारकी मारतोय असं कुणाला वाटायला नको.

शिट्टीवाल्याचं एक दुःख असतं. लोकांकडे तोंड, म्हणजे मैदानाकडे पाठ. इतकी वर्षं मी स्टेडियममध्ये जातोय, पण आमच्या संघाचा एकही गोल मी तिथे प्रत्यक्ष पाहिलेला नाही. टीव्हीवर नंतर बघतो, पण ते म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाची कॅसेट बघण्यासारखं. मी गोल पाहिले ते लोकांच्या चेहऱ्यावर. पहिल्या रांगेत आमच्या मंडळाचे एक टेलर असतात, त्यांच्या भुवया वर गेल्या की समजायचं, चेंडू आत शिरतोय. खाली आल्या की समजायचं, बाहेर गेला.

मध्यंतरी काही वर्षं मात्र मला पाठीलाही डोळे होते. लग्न नवीन होतं, आणि माझी मेहुणी शाळेच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला यायची. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात. बायकोला दुपारची झोप हवी असायची, म्हणून धाकटीला माझ्या गळ्यात बांधून स्टेडियममध्ये पाठवलं जायचं. दोन वेण्या, मोठा चष्मा. पहिल्या रांगेत बरोब्बर माझ्या खोक्यासमोर बसायची आणि माझ्या पाठीमागे काय चाललंय ते मला सांगायची. "भावोजी, आपला पडला." "भावोजी, उगाच पडला." गोल झाला की एकच शब्द: "गेला!" आणि चेंडू आमच्या गोलकडे यायला लागला की ती गप्प व्हायची, कठड्यातून हात घालून माझ्या शर्टाचं टोक घट्ट धरायची. आमचा संघ तेव्हा असा काही खेळायचा की माझ्या एकाही शर्टाची इस्त्री टिकली नाही.

पुढे ती शिकली, दुसऱ्या गावी गेली, आधी बिस्किटांचा कारखाना सांभाळला, मग एका हॉकी क्लबची व्यवस्था बघायला लागली. फोन केला की "कामात आहे" म्हणायची. आम्हीही "बरं बरं" म्हणायचो.

आता मंडळाचा कायदा सांगतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे. क्लबने नवा जनरल मॅनेजर आणला की त्याच्या पहिल्या सामन्याला, आधीच तंबी म्हणून, आमचा स्टँड पाठ फिरवतो. शिट्टी वाजली की जो जिथे उभा असेल त्याने तिथल्या तिथे अर्धी गिरकी घ्यायची, शिट्टीवाल्यासकट. पुन्हा शिट्टी वाजेपर्यंत वळायचं नाही; शिट्टी देण्यापुरता शिट्टीवाला तेवढा आधी वळतो. जो चोरून वळेल त्याने पुढचा सामना विरुद्ध संघाच्या स्टँडमध्ये, त्यांची टोपी घालून बघायचा. एकाला ही शिक्षा झाली होती, तो अजून नीट जेवत नाही. पाठ फिरवायची ती संघ मैदानात येईपर्यंतच, खेळ सुरू व्हायच्या आत सगळे पुन्हा सरळ. गिरकी घेतली की मला मैदान दिसतं हे खरं, पण तेव्हा तिथे नुसतं गवत असतं. गवत चांगलं ठेवलंय, माझी काही तक्रार नाही.

तर ती संध्याकाळ. नवं नाव टीव्हीवर जाहीर होणार होतं, म्हणून मंडळ आमच्या हॉलमध्ये जमलं होतं. अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर, म्हणजे कायद्याचा माणूस. कोपऱ्यावरचे टेलर, म्हणजे भावनेचा माणूस. आणि वरच्या मजल्यावरचे डेंटिस्ट, जे मंडळात नाहीत पण आमच्याकडे कुणी जमलं की आपोआप खाली येतात.

"तुमचा कोच असतो ना?" बायको चहाचा ट्रे घेऊन येता येता म्हणाली. "मग हा जनरल मॅनेजर कशाला?"

"कोच खेळवतो," मी समजावलं. "कोण खेळणार ते जनरल मॅनेजर ठरवतो. खेळाडू आणायचे, विकायचे, सगळं त्याच्या हातात."

"म्हणजे हरलं की दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं."

मंडळाला हे झोंबलं. आधीच मागच्या जनरल मॅनेजरने आमची पार रया घालवली होती. टेलर म्हणाले, "आता जो येईल तोही तसलाच." पोस्टमास्तर म्हणाले, "निषेध अधिक कडक हवा." आणि मला एकदम स्फुरण चढलं. मी सोफ्यावर उभा राहिलो. सोफ्यावर उभं राहायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, तो मुलांसाठी केला होता, मुलं पाळतात.

"या वेळी खेळ सुरू होईपर्यंत नाही," मी गरजलो. "पूर्ण मध्यंतरापर्यंत पाठ! मग तो कुणी का असेना! आकाशातून पडलेला असो नाहीतर माझ्या घरचा असो! माझी शिट्टी, माझा शब्द!"

टेलरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोस्टमास्तरांनी "ठराव मंजूर" म्हणून टेबलावर हात आपटला. आणि त्याच क्षणी टीव्हीवर फोटो झळकला. मोठा चष्मा. वेण्या नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

पहिल्यांदा डेंटिस्ट बोलले. "ही तुमच्या लग्नाच्या फोटोत होती ना हो? पुढचे दात लक्षात राहिले माझ्या."

बायकोने सगळ्यांच्या हातातले कप काढून घेतले. टेलरांनी एकच घोट घेतला होता. कप ट्रेमध्ये, ट्रे स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघराचं दार बंद. मग फोन वाजला. धाकटीच होती. नाव जाहीर होईपर्यंत बोलायचं नाही अशी क्लबची ताकीद होती म्हणून आधी सांगता आलं नाही, म्हणाली. दाराआडून दोघी बहिणी किती तरी वेळ हसत-रडत होत्या. मी सोफ्यावरून खाली उतरलो. तोवर मंडळही जिना उतरलं होतं.

फोन ठेवून बायको बाहेर आली. "माझ्या बहिणीला सगळ्या गावाने पाठ दाखवायची, आणि तीही तुमच्या शिट्टीवर?"

"अगं, कायदा आहे..."

"वाजवा. खुशाल वाजवा. मग मीही पाठ फिरवीन. आणि मला वळवायला शिट्टी चालत नाही, हे लक्षात ठेवा."

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली आणि फ्रिजशी बोलायला लागली. "भाजी तुझ्यात ठेवलीय, ज्याला भूक लागेल तो काढून घेईल," असं ती फ्रिजला सांगायची. फ्रिज आमचा जुना आहे, समजूतदार आहे. मी निमूटपणे भाजी काढून घ्यायचो.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या घराची धर्मशाळा झाली. जनरल मॅनेजरचे भावोजी म्हणून मला भाव आला, आणि तो काय भाव होता! डेंटिस्ट रोज खाली यायचे. "गोलकीपर बदला म्हणावं. तो दात ओठ खातो. दात ओठ खाणाऱ्या माणसाचं लक्ष चेंडूवर राहत नाही, हे मी तुम्हाला एक्स-रे काढून दाखवू शकतो." पहिल्या मजल्यावरच्या काकू आमची लिफ्ट दुरुस्त करून घ्या म्हणून सांगायला आल्या. "पण काकू, ती फुटबॉल क्लबची मॅनेजर आहे." "जनरल आहे ना? मग जनरल सगळं बघायला नको?" ऑफिसात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून स्वतः खुर्ची पुढे केली. त्यांचा भाचा म्हणे फार वेगाने धावतो. कुठे धावतो, विचारलं, तर म्हणाले, अभ्यासाला बसवलं की धावतो.

सासूबाईंचाही फोन आला. "जावईबापू, पोर एकटी आहे हो तिथे. तुमच्या ओळखीचे लोक असतील ना स्टेडियममध्ये?"

"आहेत थोडेफार."

"किती?"

"स्टँडभर."

"मग मला काळजी नाही. त्यांना सांगा, तिच्या पाठीशी उभे राहा म्हणावं."

मी "सांगतो" म्हणून फोन ठेवला.

इतकं सगळं कमी होतं म्हणून धाकटीने आमचा कप्तान विकला. या कप्तानाला अलीकडे धावताना कुणी पाहिलं नव्हतं. चेंडू जवळ आला तर तो त्याला ओळख द्यायचा, एवढंच. दर सामन्याला अख्खा स्टँड त्याच्या नावाने खडे फोडायचा. पण तो विकला गेल्याची बातमी आली आणि गावात सुतक लागल्यासारखं झालं. टेलरांनी शिलाई मशीनवर चादर टाकून ठेवली. त्यांच्याकडे माझी पँट होती, एक पाय शिवलेला, एक पाय मोकळा. कप्तानाच्या जागी धाकटीने कुठल्याशा छोट्या गावातून एक उंच, हडकुळा पोरगा आणला होता. त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी त्याला 'खांब' म्हणायला सुरुवात केली.

"कालपर्यंत तुम्हीच कप्तानाला शिव्या घालत होता ना?" मी टेलरांना विचारलं.

"त्या आपल्या माणसाला घातलेल्या शिव्या होत्या!" टेलर चादरीवर हात ठेवून म्हणाले. "शिट्टी जोरात वाजवा, एवढंच सांगतो."

मी मनाशी ठरवलं, आपण यातून अंग काढून घ्यायचं. शिट्टी दुसऱ्या कुणाकडे सोपवायची, घर वाचवायचं, मंडळाची अब्रूही वाचवायची. सोपी गोष्ट होती. दाढ दुखतेय म्हणून सांगितलं की संपलं. दुखऱ्या दाढेने शिट्टी वाजवता येत नाही, हे कुणीही मान्य करेल. मी पोस्टमास्तरांना फोन करून कण्हलो. त्यांनी सहानुभूती दाखवली आणि फोन ठेवल्याबरोबर डेंटिस्टना कळवलं.

डेंटिस्ट मला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेले. जनरल मॅनेजरच्या भावोजींची सेवा करायची संधी त्यांना सोडायची नव्हती. "कुठली दुखतेय?" त्यांनी विचारलं. मला काय माहीत? मी मागची, दिसायला कठीण अशी एक दाखवली. म्हटलं बघतील, ठोकतील, गोळी देतील. त्यांनी अक्कलदाढ काढूनच माझ्या हातात ठेवली. "आता बघा," ते अभिमानाने म्हणाले, "मागे मोकळी जागा झाली. हवा कशी खेळती राहील! शिट्टी आधीपेक्षा जोरात वाजेल." गालाचा फुगा घेऊन मी घरी आलो. बायकोने फ्रिजला सांगितलं, "अक्कल होती हेच आधी खरं वाटत नाही."

मग मी राजीनामा दिला. पोस्टमास्तरांनी तो वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. "तुम्ही राजीनामा द्याल, टेलर शिट्टी घेतील, सगळं मान्य. पण कठड्यापलीकडे उभं राहायचा परवाना तुमच्या नावावर आहे. तो टेलरांच्या नावावर करून आणा."

स्टेडियमच्या ऑफिसात मी एका खिडकीपाशी उभा राहिलो. ती खिडकी सायकलस्टँडची निघाली. दुसरी हरवलेल्या वस्तूंची. तिसऱ्या खिडकीतल्या क्लार्कने माझा परवाना उलटा-सुलटा करून पाहिला.

"हा दुसऱ्याच्या नावावर होत नाही."

"कधीच नाही?"

"धारक मयत असेल तर होतो. तुम्ही धारकाचे कोण?"

"मीच धारक."

"म्हणजे जिवंत आहात."

"हो."

"मग अडचण आहे," क्लार्क मनापासून हळहळले. त्यांना माझी मदत करायची होती, पण माझं काहीतरी चुकलं होतं. बराच विचार करून त्यांनी मान वर केली. "विशेष बाब म्हणून एक माणूस सही करू शकतो. जनरल मॅनेजर."

तर मंडळी, माझ्या मेहुणीला पाठ दाखवण्यापासून माझी सुटका व्हावी, यासाठी मला माझ्या मेहुणीचीच सही लागणार होती. मी तोच फुगलेला गाल घेऊन वरच्या मजल्यावर गेलो.

धाकटीच्या केबिनमध्ये खोकी अजून उघडायची होती. खुर्चीवर सरावाचे प्लॅस्टिकचे कोन रचून ठेवले होते. ते तिने खाली ठेवले, मला बसवलं आणि गालाकडे बघितलं.

"भावोजी, हे काय?"

"अक्कलदाढ."

"वाजवता येईल ना?"

"काय?"

"शिट्टी. पूर्ण मध्यंतरापर्यंत म्हणे. सोफ्यावर उभं राहून जाहीर केलंत. ताईने सगळं सांगितलं."

माझं तोंड पडलं. आधीच सुजलेलं होतं, त्यामुळे ते पडलेलं कितपत दिसलं कोण जाणे. मी परवाना पुढे सरकवला. "सही कर बाई. टेलर उभे राहतील. तू मोकळी, मी मोकळा."

तिने परवाना वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला. "नाही करणार."

"अगं पण का?"

"टेलरांच्या शिट्टीवर स्टँडने पाठ फिरवली तर तो माझा अपमान होईल. तुमच्या शिट्टीवर फिरवली तर तो आपला कायदा आहे. मी त्या कायद्यातच वाढले, भावोजी. माझ्यासाठी तुम्ही तो वाकवलात तर सगळं गाव म्हणेल, मेहुणी म्हणून सूट मिळाली. मग मी खांबाला आणलं काय आणि कुणाला आणलं काय, माझं कुणी ऐकणार नाही."

"आणि संघ हरला तर?"

ती खिडकीतून खाली बघायला लागली. खाली मैदानाला पाणी घालत होते. "हॉकीवाली बाई आणली म्हणून अर्धे संचालक रुसून बसलेत. पहिलाच सामना गेला तर मला दुसरा मिळणार नाही. त्यांनी तसं तोंडावर सांगितलंय."

"भीती वाटते का गं?"

"वाटते ना. धरायला आता शर्टाचं टोक कुठाय?"

मी दाढेचं निमित्त करून रुमाल काढला. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती कुणाला तरी गवत आणखी बारीक कापायला सांगू लागली. मी उठून घरी आलो.

सामन्याच्या दिवशी स्टँड गच्च भरला होता. मी खोक्यावर चढलो. समोर टेलर, दंडाला कप्तानासाठी काळी फीत. त्यांच्या शेजारी पोस्टमास्तर, छाती पुढे काढून. डेंटिस्टही आले होते, माझी हवा कशी खेळते ते बघायला. आणि मग रांगेतून वाट काढत दोघी बहिणी आल्या. संचालकांसाठी मैदानापलीकडे वर काचेची खोली आहे, थंड हवा, गुबगुबीत खुर्च्या, सगळं आहे. ते सोडून धाकटी पहिल्या रांगेत, माझ्या खोक्यासमोर, तिच्या जुन्या जागेवर येऊन उभी राहिली. स्टँडमध्ये कुजबुज झाली. बायको तिच्या शेजारी उभी राहिली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच स्टेडियममध्ये आली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि शिट्टीची वाट न बघता सरळ पाठ फिरवली.

ती पाठ माझ्यासाठी होती. पण माझ्या मागे मैदान असल्यामुळे लोकांना वाटलं, सख्ख्या बहिणीने सगळ्यांच्या आधी निषेध केला! टेलर गहिवरले. "वहिनी, मानलं तुम्हाला," असं म्हणून त्यांनी तिला लवून नमस्कार केला. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते लवलेलेच राहिले.

मी शिट्टी तोंडाला लावली. धाकटी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवत होती, वाजवा, वाजवा. समोर बायकोची पाठ. मी डोळे मिटले आणि वाजवली. डेंटिस्टचं म्हणणं खरं निघालं, अशी शिट्टी मी जन्मात वाजवली नव्हती. अख्ख्या स्टँडने अर्धी गिरकी घेतली. धाकटीनेही घेतली. क्लबची जनरल मॅनेजर स्वतःच्या संघाकडे पाठ करून उभी राहिली! आणि कायद्यानुसार मीही तिथल्या तिथे वळलो.

समोर मैदान होतं. संघ आले, खेळ सुरू झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांदेखत, जिवंत फुटबॉल चालला होता. हजारो माणसांच्या त्या स्टँडमध्ये ते बघणारा मी एकटा.

"भावोजी," पाठीमागून आवाज आला. "काय चाललंय?"

मी सांगायला लागलो. आणि माझ्या लक्षात आलं की मला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नाही. घोषणा सगळ्या पाठ, पण खेळ? "एक जण पळतोय," मी म्हटलं. "आता दुसरा पळतोय. त्याच्याकडे चेंडू आहे. आता नाही. आता परत आहे."

"आपला का त्यांचा?" टेलर ओरडले.

"आपला असावा. चांगला दिसतो."

"कुठल्या बाजूने येतोय? उजवीकडून?"

"माझ्या उजवीकडून की तुमच्या?"

यावर स्टँडमध्ये मोठा वाद झाला. अखेर पोस्टमास्तरांनी, वक्त्याची उजवी तीच उजवी, असा निर्णय दिला. माझं एकेक वाक्य खालच्या रांगेतून वरच्या रांगेत जाऊ लागलं. त्यामुळे खाली लोक हळहळत, तेव्हा वरचे अजून आशेवर असत.

मग समोरून त्यांचे तिघं एकदम आमच्या गोलकडे धावत सुटले. मी गप्प झालो. माझ्या गप्प होण्याचा अर्थ ज्या एका माणसाला कळत होता, तिचा हात कठड्यातून मागे आला आणि माझ्या शर्टाचं टोक घट्ट धरलं गेलं. तिघांपैकी एकाने चेंडू हाणला. तो आमच्या गोलकीपरच्या तोंडावर आदळून बाहेर गेला.

"दातांवर बसला का?" डेंटिस्टांनी काळजीने विचारलं.

तेवढ्यात चेंडू खांबाकडे आला. तो धावायला लागला, आणि काय धावला! एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, तिसरा आपणहून पडला. मी सांगायचं विसरलो. तोंड उघडं, शिट्टी गळ्यात लोंबतेय. खांबाने पाय मागे नेला, चेंडू उडाला, गोलकीपरच्या हातावरून वर गेला आणि जाळी थरथरली. हे असं असतं होय? इतकी वर्षं माझ्या पाठीमागे हे असं चाललं होतं!

इतर स्टँड फुटल्यासारखे ओरडले. आमच्या स्टँडमधल्या हजारो पाठी म्हणे थरथर कापत होत्या, पण एकही वळली नाही. टोपीची धास्तीच तेवढी. "काय झालं? अहो, कुणी केला? सांगा ना!" सगळीकडून कल्ला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

शर्टाला हिसका बसला. "भावोजी!"

"गेला!" मी ओरडलो. "गेला गं! गेला!"

मग माझ्या पाठीमागे जे झालं ते मला नंतर लोकांनी सांगितलं. सगळा स्टँड मैदानाकडे पाठ करून नाचत होता. टेलरांनी दंडावरची काळी फीत काढून हवेत भिरकावली आणि ती वर दोन रांगा सोडून एका आजोबांच्या टोपीवर बसली. धाकटी एका जागी उड्या मारत होती, मोठा चष्मा नाकावरून घसरत होता, आणि माझा शर्ट तिने सोडला नव्हता.

मध्यंतर झालं. मी शिट्टी तोंडाला नेली. "खबरदार!" पोस्टमास्तर गरजले. "पाठीमुळे गोल झालाय. कुणी वळायचं नाही. ठराव मंजूर!" स्टँडने टाळ्या वाजवल्या, अर्थात उलट्या बाजूला. ज्या गोष्टीसाठी मी बायकोची बोलणी खाल्ली होती, तिला आता शुभशकुन म्हणून मान्यता मिळाली होती.

उत्तरार्धात संचालकांनी धाकटीला वर बोलावलं. रुसलेले नव्हते, बोलवायला आलेल्या माणसाच्या आवाजातच हसू होतं. तिने माझा शर्ट सोडला आणि ती गेली. आता कुणासाठी सांगायचं, म्हणून मी जरा गप्प झालो. विरुद्ध संघ पुन्हा चढाई करत होता.

शर्टाचं टोक पुन्हा ओढलं गेलं. हा हात वेगळा होता. बांगड्या वाजल्या.

"अहो," बायको म्हणाली. फ्रिजला नाही, मला म्हणाली. "गप्प काय बसलात? पुढे काय झालं?"

मी पुढचं सांगितलं. मग त्याच्या पुढचं. मला जसं समजेल तसं, उजवं-डावं चुकवत, शेवटपर्यंत सांगत राहिलो. त्यांचा शेवटचा चेंडू आमच्या गोलच्या दांडीवर आपटून बाहेर गेला आणि पंचांनी खेळ संपवला. आम्ही जिंकलो होतो. वर काचेच्या खोलीत धाकटी दोन्ही हात हलवत होती. स्टँड जिवाचा कान करून वाट बघत होता, कारण माझी शिट्टी झाल्याशिवाय कुणालाच वळता येत नव्हतं.

मी खोक्यावर वळून लोकांकडे तोंड केलं, छाती भरून श्वास घेतला आणि शिट्टी तोंडाला लावली. पण वाजवायची आणखी एक क्षण राहिलीच. कारण हजारो पाठींमध्ये समोर एकच चेहरा होता, आणि तो शिट्टीच्या आधीच माझ्याकडे वळला होता.